‘कशावरून?’ : घरी शिकणाऱ्या मुलीची भूमिती आणि तिची भाषा

गेल्या पावसाळ्यात उद्यमबागेतील एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न बनवणारे एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. काम कायद्याचे नव्हते. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायावर लागोपाठ दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, शाळेचे वर्ष बुडाले होते, आणि जिने चढण्याची परवानगी मिळेपर्यंत तिने घरीच शिकून मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा द्यावी असे घरात ठरले होते. मराठी, समाजशास्त्र, विज्ञान या विषयांची कशीबशी सोय झाली. बीजगणितासाठी गल्लीतील एक निवृत्त शिक्षक मिळाले. गाडे अडले ते भूमितीपाशी. गृहस्थांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. आपल्या सवडीने, आपल्या वेगाने शिकण्याच्या ऑनलाइन भूमितीच्या चार जाहिराती त्यावर होत्या. ‘‘वकीलसाहेब, ह्यातला कुठला घ्यायचा, तेवढं सांगा की.’’

आम्ही सांगू शकलो नाही. आमचे भूमितीचे शेवटचे प्रमेय लिहून चाळीस वर्षे होत आली. परंतु त्या चार जाहिराती पाहताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती मनातून जाईना. शुल्क, तासांची संख्या, चित्रफितींचा दर्जा, परीक्षेची हमी हे सारे त्यांत होते. मूल कोणत्या भाषेत विचार करील याविषयी मात्र चारही जाहिरातींत चकार शब्द नव्हता. आणि त्याहून क्लेशदायक गोष्ट ही, की मुलीच्या वडिलांनीही तो प्रश्न विचारला नव्हता. काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी चालणारा हा माणूस. मराठीसाठी पोलिसांच्या गाडीत बसलेला. मुलीच्या भूमितीची भाषा कोणती, हा प्रश्न मराठीच्या प्रश्नांपैकी आहे असे त्याला वाटलेच नाही, कारण तसे त्याला आपल्यापैकी कोणी कधी सांगितलेलेच नाही.

या लेखात आम्हाला भांडायचे आहे ते या समजुतीशी.

समजूत अशी : गणिताला भाषा नसते आणि भूमितीला तर मुळीच नसते. त्रिकोण बेळगावात काढा की बोस्टनमध्ये, त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशच. तेव्हा शिकवणारा चांगला असावा, आकृत्या हलत्या असाव्यात, भाषा इंग्रजी असली तर उत्तमच, पुढे उपयोगी पडेल. सुशिक्षित मराठी घरांत हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

तपासून पाहू. आकृतीला भाषा नसते, हे खरे. परंतु आकृती म्हणजे भूमिती नव्हे. सुतार, गवंडी, पॅटर्न बनवणारा कारागीर हे सारे आकृतीचे जाणकार असतात. शाळेतील भूमिती त्यांना जे देत नाही आणि ज्याच्यासाठी ती शाळेत आहे, ती वस्तू म्हणजे सिद्धता. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे दोन कोन सारखे असतात हे कागदाला घडी घालून लहान पोरालाही दिसते. नववीतील मुलीला विचारले जाते ते निराळेच : तुला दिसते, ठीक; पण असलेच पाहिजे, हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर आकृतीत नसते. ते वाक्यांत असते. ‘पक्ष’, मग ‘साध्य’, मग ‘सिद्धता’. प्रत्येक पायरीपुढे कंसात तिचे कारण. सबंध शालेय शिक्षणात ‘कारण’ हा शब्द इतक्या कठोरपणे वापरायला लावणारा दुसरा विषय नाही. इतिहासात कारणे पाठ करता येतात. विज्ञानात प्रयोगाकडे बोट दाखवता येते. भूमितीत मात्र मूल प्रथमच स्वतःच्या वाक्यांवर उभे राहते, आणि ती वाक्ये कोणत्या तरी भाषेतच असावी लागतात.

आमच्या व्यवसायातील माणसांना हे लवकर पटावे. पक्ष, सिद्ध करणे, गृहीत धरणे हे शब्द न्यायालयात आणि भूमितीच्या वहीत एकाच तोंडवळ्याने वावरतात, हा योगायोग नाही. अब्राहम लिंकन यांनी १८६० साली स्वतःविषयी लिहिलेल्या टिपणात आपण काँग्रेसचे सभासद झाल्यानंतर युक्लिडचे पहिले सहा ग्रंथ अभ्यासले, असे आवर्जून नमूद केले आहे. वकिली चालू असताना, वयाची चाळिशी गाठत असताना एक मनुष्य त्रिकोणांकडे वळतो तो त्रिकोणांसाठी खासच नव्हे. आणि त्याने तो अभ्यास स्वतःच्या भाषेत केला, ग्रीकमध्ये नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणी नोंदवत नाही. उघड गोष्टी नोंदवण्याची गरज आपल्यासारख्यांनाच पडते.

आता त्या मुलीची हकिगत. वडील आमच्याकडे येण्यापूर्वीच तीन महिन्यांचे पैसे भरून बसले होते. विक्रीसाठी घरी आलेल्या तरुणाने ‘भारतीय भाषेत’ भूमिती असल्याचे सांगितले. ती भाषा हिंदी निघाली. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, ‘‘मराठी आणि हिंदी सारखंच की हो, लिपी पण एकच.’’ कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. हे उत्तर कोणत्याही एका कंपनीचे नाही. ते दिल्लीपासून आपल्या स्वतःच्या घरापर्यंत सर्वत्र ऐकू येते.

सारखे आहे का? मुलीच्या वहीत एक उदाहरण होते. तिने ‘समकोण त्रिभुज’ असे वाचले, आणि तिन्ही कोन समान धरून प्रत्येकी ६० अंश लिहून मोकळी झाली. उत्तर चूक. पडद्यावर लाल फुली. तिने पुन्हा तेच लिहिले, पुन्हा फुली. हिंदीत समकोण म्हणजे आपला काटकोन, हे तिला सांगणारे यंत्रात कोणी नव्हते. मराठी कानाने ‘समकोण’ या शब्दाचा जो अर्थ घ्यावा तोच तिने घेतला होता. समभुज म्हणजे भुजा समान, तर समकोण म्हणजे कोन समान. तिची भाषिक बुद्धी बिनचूक होती आणि तिला शून्य गुण मिळाले. दोन दिवस तिने भूमितीला हात लावला नाही, आपल्याला गणित येत नाही असे आईला सांगितले. हे वाक्य मराठी घरांत आजवर किती मुलींनी उच्चारले असेल आणि त्यांपैकी कितीजणींच्या बाबतीत खरी चूक भाषेच्या निवडीची असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हा एकच शब्द असता तर सोडून देता आला असता. परंतु मराठीत जे एकरूप त्रिकोण, ते हिंदीत सर्वांगसम. आपला लघुकोन तिथे न्यूनकोण, आपला विशालकोन तिथे अधिक कोण. आपली मध्यगा ही त्यांची माध्यिका, आपला समभुज चौकोन हा त्यांचा समचतुर्भुज. प्रत्येक शब्द संस्कृतातून आलेला, प्रत्येक ओळखीचा वाटणारा, आणि म्हणूनच अनोळखी इंग्रजी शब्दापेक्षा अधिक फसवा. ‘आयसॉसेलीज’ ऐकल्यावर मूल निदान थांबते आणि विचारते. ‘समकोण’ ऐकल्यावर ते थांबत नाही.

सीमाभागात याच्याही पुढची गंमत आहे. मराठीत काटकोनासमोरच्या बाजूला कर्ण म्हणतात आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडालाही कर्णच म्हणतात. आयताचा कर्ण काढला की दोन काटकोन त्रिकोण मिळतात आणि तीच रेघ दोघांचाही कर्ण असते, तेव्हा यात तसे वावगे काही नाही. हिंदीने हे दोन अर्थ वेगळे केले : त्रिकोणाचा तो कर्ण, चौकोनाचा तो विकर्ण. कन्नडनेही वेगळे केले, पण नेमके उलट : त्रिकोणाचा तो विकर्ण, चौकोनाचा तो कर्ण. आता बेळगावची मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरी मराठी पुस्तक, पडद्यावर हिंदी शिक्षक, शेजारच्या मैत्रिणीची कन्नड वही. ‘विकर्णावरील वर्ग’ म्हटले तर तिने कोणत्या रेघेवर चौरस काढावा? यात कन्नडची चूक नाही, हिंदीची नाही, आपलीही नाही. तिन्ही भाषांनी आपापले घर नीट लावले आहे. चूक आहे ती सगळी घरे एकच समजणाऱ्याची. बडोद्याच्या वाचकांना मात्र इथे थोडे सुख आहे. गुजरातीत काटकोनाला काटखूणो म्हणतात आणि एकरूपतेला एकरूपताच, तेव्हा त्यांच्या मुलांना निदान या दोन ठिकाणी ठेच लागणार नाही.

राहिले इंग्रजी अभ्यासक्रम, ज्यांच्याकडे सुशिक्षितांचा ओढा. त्यांच्या गुणांविषयी आम्हाला शंका नाही. खान अकादमीसारख्या अमेरिकेतील ना-नफा संस्थेचा भूमितीचा अभ्यासक्रम विनामूल्य आहे आणि मेहनतीने केलेला आहे. परंतु तो ज्या मुलांसाठी केला ती मुले कोण, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत भूमिती हा सबंध एका वर्षाचा स्वतंत्र विषय असतो, बहुधा बीजगणिताच्या दोन वर्षांच्या मधोमध. शिवाय २०१० नंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या आराखड्यात एकरूपतेची व्याख्याच निराळी आहे : एक आकृती सरकवून, फिरवून किंवा उलटवून दुसरीवर तंतोतंत बसवता आली तर त्या एकरूप. सुंदर कल्पना आहे. पण आपल्याकडे मूल परीक्षेला बसते ते कसोट्यांच्या वाटेने, म्हणजे दोन बाजू व त्यांमधील कोन समान असल्याचे दाखवून. जी मुलगी अमेरिकी वाटेने शिकून आपल्या परीक्षेला बसेल तिला सारे कळलेले असेल आणि उत्तरपत्रिकेत काय लिहायचे ते कळणार नाही. घरी शिकणाऱ्या अमेरिकी कुटुंबाने असा अभ्यासक्रम निवडणे आणि खानापूर तालुक्यातील कुटुंबाने तोच निवडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जाहिरात दोघांना एकच वस्तू विकते.

याहून मोठा दोष पुष्कळ स्वयंगती अभ्यासक्रमांत आहे, आणि तो भाषेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. तिथले यंत्र सिद्धता वाचत नाही. ते चार पर्याय देते, किंवा सिद्धतेच्या पायऱ्या उलटसुलट करून त्या ओळीने लावायला सांगते, किंवा रिकाम्या जागी कोनाचे माप मागते. बरोबर उत्तराला हिरवी खूण. मुलगी सबंध वर्ष हिरव्या खुणा गोळा करते आणि स्वतःच्या शब्दांत ‘म्हणून’ हा शब्द एकदाही लिहीत नाही. इंग्रजीचा अभ्यासक्रम घेतल्याने मूल निदान इंग्रजीत तर्क शिकेल, ही आशाही त्यामुळे फोल ठरते. ते कोणत्याच भाषेत तर्क शिकत नाही. मराठी सुटते आणि इंग्रजी हाती लागत नाही.

‘पुढे सगळे इंग्रजीतच आहे’ हा विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. अकरावीचे विज्ञान इंग्रजीत, अभियांत्रिकी इंग्रजीत, वरिष्ठ न्यायालये इंग्रजीत. आम्ही स्वतः मराठीत भूमिती शिकलो आणि आयुष्यभर युक्तिवाद इंग्रजीत केले. त्या अनुभवावरून सांगतो की संज्ञा बदलणे हे काही आठवड्यांचे काम असते. दहावीपर्यंतच्या भूमितीचे शब्द शंभर-दीडशेच्या पलीकडे नसावेत. एका वहीत दोन रकाने आखले की झाले. ‘व्यत्यास’ म्हणजे काय हे ज्याला मराठीत उमगले आहे, ‘पाऊस पडला तर रस्ता ओला होतो’ यावरून ‘रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडला’ असे ठरत नाही हे ज्याच्या हाडीमाशी खिळले आहे, त्याला त्याचा इंग्रजी शब्द एका दुपारी येतो. ज्याला तो इंग्रजी शब्दच आधी मिळाला आणि अर्थ कधी उमगलाच नाही, तो पुढे विद्यापीठात पोचला तरी ओल्या रस्त्यावरून पाऊस सिद्ध करीत राहतो. अशांचे युक्तिवाद आम्ही रोज ऐकतो.

गोव्यातील वाचकांना इथे आमचे म्हणणे थोडे सैल करावे लागेल. तिथे प्राथमिक शाळा मराठीत वा कोकणीत झाली तरी पाचवीपासून शिक्षण बहुतांशी इंग्रजीत जाते, आणि मुलाला परीक्षा ज्या भाषेत द्यायची त्या भाषेत लिहिण्याचा सराव हवाच. त्यांनी लेखन इंग्रजीत ठेवावे. पण आठवड्यातून एक प्रमेय घरी तोंडी, घरच्या भाषेत सांगून घ्यावे, मग ती मराठी असो की कोकणी.

मराठीला हे ओझे पेलवेल का, ही शंका घेणाऱ्यांनी आपला इतिहास चाळावा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्याला दाने मिळाली, ती हकिगत त्यावर कोरली आहे. प्रशस्ती संस्कृतात आहे. पण मठाला कोणी काय द्यायचे, हा व्यवहाराचा भाग मराठीत आहे. गणिताच्या शाळेची तरतूद मराठीत लिहिली गेल्याला आठशे वर्षे उलटली. (भास्कराचार्यांचे गाव कोणते, पाटणचा परिसर की विजापूर, यावरही वाद आहे. सीमावाद आम्हाला कोणत्या शतकापर्यंत पुरणार आहे, कोण जाणे.) पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटांनी युक्लिड अरबीतून संस्कृतात आणला, तो ‘रेखागणित’ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत छापला गेला. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला, १८२० च्या दशकात, जर्व्हिससारख्या लष्करी अधिकाऱ्याने मुंबईत मराठी गणितग्रंथ सिद्ध करवले. बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले ते तंत्रशिक्षण देशी भाषांतून देता येते या विश्वासाने. हैदराबादच्या वाचकांना तर सांगायलाच नको, की १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि त्यासाठी उच्च गणितासह सारे विषय भाषांतरित करणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्या उर्दूने तिथल्या मराठी मुलांवर अन्याय केला, हा मुद्दा वेगळा आणि खराही. पण देशी भाषेला गणित झेपत नाही, हे म्हणणे तिथेच खोटे ठरले.

आणि आजची मराठी परिभाषा? ती जुन्या ग्रंथांत पुरून ठेवलेली नाही. बालभारतीची नववी आणि दहावीची ‘गणित भाग २’ ही दोन पुस्तके म्हणजे भूमितीच. ती बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, समरूपता, पायथागोरसचे प्रमेय हे सारे त्यांत क्रमाने आहे. अप्रत्यक्ष सिद्धता आहे, व्यत्यास आहे. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्यांना त्यांनी बाकोबा, कोबाको, बाबाबा अशी नावे दिली आहेत. बाजू-कोन-बाजू म्हणजे बाकोबा. म्हसोबा-खंडोबाच्या पंगतीत खपून जाईल असे हे नाव एकदा ऐकलेले मूल जन्मात विसरत नाही. ज्या भाषेत एका कसोटीला बाकोबा म्हणता येते ती भाषा भूमितीत उपरी नाही.

मग मराठीतून, टप्प्याटप्प्याने, नववी-दहावीची सबंध भूमिती घेऊन जाणारा, सिद्धता लिहून घेणारा, घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी रचलेला ऑनलाइन अभ्यासक्रम कुठे आहे? त्या मुलीसाठी आम्ही महिनाभर शोधला. सुटे धडे पुष्कळ सापडले. एखादे प्रमेय उत्तम समजावणारे शिक्षकही सापडले. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सोबत करणारे मात्र आमच्या हाती काही लागले नाही. आणि याचा दोष कर्नाटक सरकारला देता येणार नाही, ही आमची खरी अडचण आहे. आपण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, आणि दोन्ही योग्यच करतो. उरलेले ३६३ दिवस पाटीवरील अक्षरे किती इंचांची असावीत यासाठी निवेदने देण्यात जातात. ती निवेदने आम्हीही लिहिली आहेत, ती मागे घेणार नाही. पण दुकानाच्या पाटीवरील मराठी पुसली गेली तर आपण रस्त्यावर उतरतो आणि मुलीच्या वहीतील ‘कारण’ पुसले गेले तर आपल्याला पत्ताही लागत नाही. सीमाभागात निवृत्त गणित शिक्षक कितीतरी आहेत. एक कॅमेरा, एक फळा, दोन वर्षे. यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

न्यायालयाचा विषय निघाला म्हणून थोडे कायद्याचे. घरी शिकवणे बेकायदा आहे का, असे हे गृहस्थ आम्हाला दबक्या आवाजात विचारत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्यात कसूर झाली तर पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्नच उरत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास बसता येते, तिच्या माध्यमांत मराठीही आहे, आणि तिच्या गणितात भूमिती हा स्वतंत्र घटक आहे. नोंदणी करताना माध्यमाच्या रकान्यात काय भरले जाते ते पालकांनी स्वतः पाहावे. तिथे बसलेला माणूस सवयीने ‘इंग्रजी’ भरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारचे भाषाधोरण रद्द ठरवले. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि शिक्षणाचे माध्यम राज्याला लादता येणार नाही, असा तो निकाल. इंग्रजी शाळांनी तो आपला विजय म्हणून साजरा केला. आपल्यातल्या काहींनीही टाळ्या वाजवल्या, कारण कन्नडसक्तीला चाप बसला. पण निवडीचा हक्क मिळाला म्हणून निवडण्याजोगी वस्तू आपोआप तयार होत नाही. घटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचे बंधन राज्यावर टाकले, पण तेही प्राथमिक पातळीपुरते. भूमितीची सिद्धता सुरू होते ती नेमकी जिथे ते संरक्षण संपते तिथे. त्यापुढचे राखायचे ते आपले आपणच.

त्या मुलीसाठी अखेर काय निवडले, ते सांगतो. कोणाला उपयोग होईल. पैसे भरलेला हिंदी अभ्यासक्रम मुदत संपेपर्यंत तसाच पडू दिला. बालभारतीची दोन्ही पुस्तके छापून, बांधून घेतली आणि तोच कणा धरला. मुक्त विद्यालयाचा भूमितीचा घटक शेजारी ठेवला, परीक्षेची वाट चुकू नये म्हणून. रचना आणि आकृत्या हलवून पाहण्यासाठी जिओजेब्रा ही विनामूल्य आज्ञावली घेतली. अमेरिकी चित्रफिती ती पाहते, पण आवाज बंद करून, आणि पडद्यावर काय चालले आहे ते स्वतः मराठीत मोठ्याने सांगत. ही युक्ती तिची तिनेच काढली. आम्हाला ती कोणत्याही अभ्यासक्रमाच्या शुल्काहून मोलाची वाटते.

समरूपतेच्या प्रकरणाला शिक्षक घरातच निघाला. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्क्याने आकसते, म्हणून पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच निराळी असते : तिच्यावरचा प्रत्येक इंच जरा लांब. प्रत्येक बाजू एकाच गुणोत्तराने वाढते, कोन तेच राहतात. म्हणजे समरूप आकृत्या. बाजू एक टक्क्याने वाढली तर पृष्ठफळ दोन टक्क्यांनी आणि घनफळ तीन टक्क्यांनी का वाढते, हे मुलीने वडिलांना वहीत लिहून दाखवले. वडिलांना ते तीस वर्षे हाताने ठाऊक होते. कोणत्याही कंपनीच्या चित्रफितीत ही पट्टी नाही. काटकोन म्हणजे काय हे सांगायला त्यांनी भिंतीवरचा गुण्या काढून तिच्या हाती दिला.

रविवारी सकाळी तासभर मुलगी एक प्रमेय सांगते आणि वडील ऐकतात. वडिलांना सिद्धता येत नाही, येण्याची गरजही नाही. त्यांनी प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द विचारायचा असे ठरले आहे : कशावरून?

गेल्या रविवारी समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय होते. तिने शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, दोन त्रिकोण केले, दोघांत एक काटकोन, लंब सामाईक, आणि ब व क हे कोन समान, म्हणून त्रिकोण एकरूप, म्हणून ब व क हे कोन समान. वडिलांनी विचारले, ‘‘ब आणि क समान, हे आधी कशावरून घेतलंस?’’ मुलगी थांबली. जे सिद्ध करायचे तेच तिने वाटेत गृहीत धरले होते. आपल्या न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. आम्ही तो भरलेल्या न्यायालयात, ज्येष्ठ वकिलांच्या तोंडून, पुष्कळदा ऐकला आहे आणि दरवेळी पकडू शकलो आहोत असे नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या पॅटर्नवाल्याने तो एका शब्दात पकडला.

तिने पान फाडले नाही. खाली रेघ मारून शिरोबिंदूच्या कोनाचा दुभाजक काढायला घेतला आहे, बाकोबाने जमते का ते पाहते आहे. वही पुढच्या रविवारी आमच्याकडे यायची आहे.